लेकरू, वासरू, शेकरू, फुलपाखरू

भाचीचा फोन रात्री साडेनऊनंतर आला की शाळेत काहीतरी द्यायचं राहिलंय, हे न सांगता कळतं. या वेळी तक्ता होता. एक वन्य सस्तन प्राणी, एक फुलपाखरू, आणि वर्गीकरण व संवर्धन या दोन मुद्द्यांवर त्यांची तुलना. कार्डशीट मोठा, मध्ये उभी रेघ. सोमवारी द्यायचा. फोन गुरुवारी आला होता, म्हणजे पोरगी सुधारतेय म्हणायची.

"प्राणी ठरवलेस का?"

"वाघ आणि मोनार्क."

"मोनार्क कुठे पाहिलंस?"

"यूट्यूबवर."

"आणि वाघ?"

"कात्रजला. पिंजऱ्यात झोपला होता."

मी म्हटलं, अगं, मोनार्क पार अमेरिकेतलं. शेकरू घे आणि नीलवंत घे. दोन्ही आपल्या राज्याची मानचिन्हं आहेत आणि दोन्ही मी तुला डोळ्यांनी दाखवू शकते. शेकरू राज्यप्राणी आहे हे तिला ठाऊक होतं. राज्याला फुलपाखरूसुद्धा आहे, हे नव्हतं. त्यात तिचा दोष नाही. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला, म्हणजे याच नीलवंताला, राज्य फुलपाखरू ठरवलं, आणि असं करणारं हे देशातलं पहिलंच राज्य होतं, हे मलाही आमच्या छापखान्यात आलेल्या एका प्रुफातूनच कळलं होतं.

मी मुद्रितशोधक आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या चुका शोधून पोट भरते. त्यामुळे भाचीच्या तक्त्यात मला पहिल्यांदा शेकरू दिसलं नाही की फुलपाखरू दिसलं नाही. दिसला तो शेवटचा 'रू'.

लेकरू, वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू. त्याच ओळीत शेकरू आणि फुलपाखरू. सगळी नपुंसकलिंगी, सगळी अंगाखांद्यावर खेळवावीत अशी. मराठीने या दोघांना कधीच एका खणात ठेवून दिलंय. एक झाडाच्या शेंड्यावर राहणारा दोन किलोचा प्राणी, दुसरा कागदाच्या कपट्याएवढ्या वजनाचा कीटक. पण अनेकवचन करा, शेकरं आणि फुलपाखरं, सख्खी भावंडं वाटतात. नियमाप्रमाणे विभक्तीही तशीच लागायला हवी. वासराचं, लेकराचं, फुलपाखराचं, तसं शेकराचं. वर्तमानपत्रं मात्र 'शेकरूचे घरटे' छापतात. मी ते दर वेळी 'शेकराचे' करते आणि दर वेळी कुणीतरी ते परत 'शेकरूचे' करतं. असो.

शास्त्राच्या मते मात्र या दोघांमध्ये इतकं अंतर आहे की भाचीच्या कार्डशीटवर ते मावणारच नव्हतं. तिने सृष्टीपासून सुरुवात केली. प्राणी, प्राणी. दोन्ही रकान्यांत एकच शब्द. "जमलं की!" म्हणाली. तिथून पुढे एकही रकाना जुळला नाही. संघ: शेकरू पाठीचा कणा असलेल्यांत, फुलपाखरू संधिपादांत, म्हणजे झिंगा, विंचू आणि झुरळाच्या पंगतीत. वर्ग: सस्तन आणि कीटक. गण: कृंतक, म्हणजे कुरतडणारे, आणि लेपिडोप्टेरा, म्हणजे पंखांवर खवले असलेले. कुल: खारींचं सायुरिडी आणि स्वॅलोटेल फुलपाखरांचं पॅपिलिओनिडी. या दोघांचा सामाईक पूर्वज शोधायचा तर पन्नास कोटी वर्षांहूनही मागे, समुद्रात जावं लागतं. जमिनीवर तेव्हा ना झाड होतं ना फूल.

'गण: कृंतक' लिहिताना भाचीचा हात थांबला.

"म्हणजे उंदीर?"

"उंदीर, घूस, खार, साळिंदर. सगळे."

"राज्यप्राणी उंदरातला आहे?"

तिला खरंच वाईट वाटलं. मला वाटतं, वाघ सोडल्याचं दुःख तेव्हा पहिल्यांदा जाणवलं असावं. तिची समजूत काढताना मी म्हटलं, आपल्या अंगणातल्या पट्टेवाल्या खारीचा थोरला भाऊ समज. मग रात्री जरा खोलात वाचलं तर तेही चुकलंच होतं. खारीच्या कुलात शेकराचं उपकुलच वेगळं आहे. रॅटुफा या प्रजातीत मोजून चार जाती. आपली भारतीय, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली करड्या अंगाची, ईशान्येकडून पुढे पसरलेली काळी, आणि आग्नेय आशियातली फिकट. अंगणातली खार दुसऱ्या उपकुलातली. म्हणजे थोरला भाऊ नव्हे, लांबचा चुलत. लग्नात भेटला तर ओळख करून द्यावी लागेल असा.

इथे माझी एक जुनी खुन्नस सांगून घेते. मराठी पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड शाळेत पाठ करून घेतात. पण बातम्या उघडा. 'फुलपाखरांच्या शेकडो प्रजाती', 'दुर्मीळ प्रजाती आढळली'. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज, तिथून हे आलं. लिहिणाऱ्याला वाटतं 'जाती' जरा कसंतरी वाटतं, जनगणनेतलं वाटतं, 'प्रजाती' भारदस्त. मग शेकराच्या चार जातींच्या चार प्रजाती होतात. मी 'प्र' वर काट मारते. एका संपादकांनी मला विचारलं होतं, "बाई, एका अक्षराने काय बिघडतं?" एका अक्षराने अख्खी पायरी बदलते, एवढंच.

लॅटिन नावं देवनागरीत लिहायची म्हणजे वेगळाच ताप. रोमन लिपीत पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान, सगळं तिरकं. देवनागरीत मोठं अक्षर कुठून आणायचं? रॅटुफा इंडिका. पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. भाचीने दुसरं नाव तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा वेगळं.

पण नावांमागच्या गोष्टी तिला आवडल्या. शेकराला शास्त्रीय नाव १७७७ मध्ये एर्क्सलेबेन नावाच्या जर्मन माणसाने दिलं. त्या काळातले इंग्रज निसर्गअभ्यासक या प्राण्याला 'बॉम्बे स्क्विरल' म्हणत. शेकरू मुंबईकर! पुढे कर्नल साइक्सने १८३१ मध्ये आपल्या सह्याद्रीतल्या शेकराला एल्फिन्स्टनचं नाव दिलं: एल्फिन्स्टोनी. भीमाशंकरची उपजात म्हणून अजूनही हेच नाव सांगितलं जातं, जरी काही अभ्यासक तिला वेगळी उपजात मानतच नाहीत. ज्या एल्फिन्स्टनने पुण्यात बसून पेशवाई गुंडाळली, त्याचं नाव आमच्या शेकराच्या शेपटीला बांधलेलं. पुण्याच्या माणसाला हे गिळायला थोडं पाणी लागतं.

फुलपाखराची गोष्ट अजून मजेची. लिनिअसने १७५८ मध्ये झाडून सगळी फुलपाखरं 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत कोंबली होती, आणि त्यातल्या मोठ्या, दिमाखदार फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं द्यायची पद्धत पाडली. एकीकडे ट्रोजन, दुसरीकडे ग्रीक. ॲमस्टरडॅमच्या क्रामर नावाच्या व्यापाऱ्याने १७७५ मध्ये आपल्या नीलवंताचं बारसं केलं ते याच रिवाजाने. पॉलिम्नेस्टर कोण? थ्रेसचा राजा. ट्रॉयच्या प्रायम राजाने धाकटा मुलगा सोन्यासकट त्याच्याकडे सुरक्षित ठेवायला दिला आणि याने सोन्यासाठी मुलाला मारलं. पुढे त्या मुलाच्या आईने याचे डोळे काढले. बागेत लिंबाभोवती घिरट्या घालणाऱ्या निळ्या-काळ्या फुलपाखराला विश्वासघातक्याचं नाव! 'मॉरमॉन' हे इंग्रजी नाव आलं त्याच्या भाऊबंदामुळे, कॉमन मॉरमॉनमुळे. त्याच्या माद्या एकाहून अधिक रूपांत दिसतात; म्हणून साहेबाला अमेरिकेतल्या बहुपत्नीक मॉरमॉन पंथाची आठवण झाली. मराठीत त्याचं आधी 'राणी पाकोळी' झालं. मला ते पटलं नव्हतं, कारण आमच्याकडे पाकोळी म्हणजे जुन्या वाड्याच्या आढ्याला घरटं करणारा पक्षी. आता 'नीलवंत' रुळतंय. चांगलं आहे. छापायलाही सुटसुटीत.

शनिवारी पहाटे वाकडेवाडीहून एसटी पकडली. राजगुरुनगर, वाडा, तळेघर करत भीमाशंकर. पाऊस नुकताच उघडला होता, सोनकी फुललेली, दरीतून धुकं वर येत होतं. देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी होतीच. आम्ही दर्शन घेतलं, पेढे घेतले, आणि कोंढवळकडचे एक ओळखीचे मामा बरोबर घेऊन जंगलात शिरलो. मामा महादेव कोळी समाजाचे. हिरड्याच्या हंगामात हिरडा गोळा करतात, बाकी वेळ शेती आणि माझ्यासारख्यांना वाट दाखवणं.

हे अभयारण्य १९८५ सालचं. सुमारे १३० चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून. केलं ते मुख्यतः शेकरासाठी. तो आकडा भाचीने वहीत टिपला आणि लगेच विचारलं, "मग नीलवंताचं अभयारण्य किती?" त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

शेकरू आधी ऐकू येतं. कुणीतरी लाकडी खुळखुळा रागारागाने हलवावा तसा आवाज, थांबून थांबून. मामांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. बराच वेळ नुसती पानं दिसत होती. मग एका फांदीवरून एक लांब झुपका खाली लोंबताना दिसला, शेपटी, आणि त्या शेपटीच्या वर बाकीचं शेकरू होतं. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट, टोकाकडे फिकट होत गेलेली शेपटी. मागचे पाय फांदीला अडकवून उलटं लटकलं होतं आणि पुढच्या दोन्ही पंजांत कसलंसं फळ धरून, एखादा आजोबा मक्याचं कणीस फिरवून फिरवून खातो तसं खात होतं. शेपटी अंगापेक्षा लांब. ती नुसती शोभेची नाही. उलटं लटकून खाताना तोल सांभाळायला तीच कामाला येते.

"हितं याची किती घरं हायती ते बघ," मामा भाचीला म्हणाले. तिने मोजली. काटक्या-पानांचे गोल गठ्ठे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथे जड जनावर पोचणार नाही अशा ठिकाणी. चार सापडली.

"चार शेकरं?"

"एकच. एका घरात नाय ऱ्हात ते. दोन-चार बांधून ठिवतं. आज या घरात, उद्या त्या."

वनखातं शेकरांची मोजदाद करतं तेव्हा घरटी मोजतं, आणि त्यात हाच घोळ निस्तरावा लागतो. कुठलं वापरातलं, कुठलं सोडलेलं, किती घरट्यांमागे एक शेकरू. पण निदान मोजता येतं. मादीला एका वेळी एक किंवा दोन पिल्लं, क्वचित तीन. एक शेकरू गेलं तर तो खड्डा भरायला वेळ लागतो.

त्याहून मोठी गोष्ट मामांनी रस्त्यावर परतल्यावर दाखवली. एका ठिकाणी दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकांत गुंतलेल्या होत्या, मांडव घातल्यासारख्या. थोडं पुढे रस्ता रुंद झाला होता आणि वर नुसतं आभाळ. शेकरू एका उडीत वीस फूट जातं. पण त्यापुढे नाही. ते जमिनीवर उतरायला राजी नसतं. जगणं सगळं वरच. मांडव तुटला की एक तर ते अलीकडेच अडकतं, नाहीतर उतरून रस्ता ओलांडतं, आणि रस्त्यावर गाड्या आहेत, देवळापाशी उरलंसुरलं खाऊन माजलेली कुत्री आहेत. एक झाड तोडलं म्हणजे एक झाड गेलं, असं हिशेब करणाऱ्याला वाटतं. शेकराच्या दृष्टीने पूल गेला. देवराईत ही अडचण नाही. तिथे देवाच्या धाकाने कुणी कुऱ्हाड लावत नाही, गारंबीचे मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेत, आणि शेकराला तो राजमार्ग.

आणि तिथेच, देवराईच्या कडेला, ओहोळाच्या ओल्या मातीवर, भाचीला नीलवंत दिसला. एक नव्हे, तीन. पंख मिटून चिखलाला सोंड लावून बसलेले. हे नर. चिखलातून क्षार शोषतात. मध्येच एकाने पंख उघडले आणि ती गप्प झाली. हाताच्या पंजाएवढा विस्तार, पुढचे पंख काळे, मागच्या पंखांवर तो फिकट निळा रंग आणि त्यावर काळे ठिपके. वर शेकरू, खाली नीलवंत. शेकरू त्या मातीवर कधी उतरणार नाही, नीलवंताला शेकराच्या फांदीचं काही पडलेलं नाही. एकाच देवराईत दोघांचे पत्ते वेगळे, वरचा मजला आणि तळमजला. तळमजल्यावर किर्मिरा आणि माकडलिंबू ही लिंबाच्या कुळातली झुडपं असतात आणि नीलवंताच्या मादीला हवी असतात ती ही. त्यांच्या पानावर ती अंडं घालते.

आता माझ्या लिंबाची गोष्ट सांगायला हवी. ती भाचीला मी परतीच्या एसटीत सांगितली, कारण अंधारात तोंड दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत कुंडीत लिंबाचं कलम लावलं. चार महिन्यांत पानं कुरतडलेली दिसायला लागली. कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडलेली असे, बुलबुलाची असेल म्हणून मी ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि शीट हलली. चकचकीत, तपकिरी, मध्ये पांढरट डाग. अळी होती. तिला बोट लावलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं ओलसर शिंग बाहेर आलं आणि आंबूस, सडक्या लिंबासारखा वास. मला शिसारी आली. नीमतेल आणलं, साबणाच्या पाण्यात कालवलं, सकाळ-संध्याकाळ फवारलं. आठवड्यात झाड स्वच्छ. मैत्रिणींना उपायही सांगितला.

त्यानंतर महिन्याभराने टेबलावर फुलपाखरांवरच्या एका लेखाचं प्रुफ आलं. मी 'पॉलिम्नेस्टर'मधला 'म्ने' तपासत होते, आणि शेजारच्या चित्रात तीच शीट होती. खाली ओळ: राज्य फुलपाखराची अळी, सुरुवातीच्या अवस्थेत. मी त्या ओळीतला स्वल्पविराम चुकवला. सत्तावीस वर्षांत फार वेळा झालेलं नाही ते.

पुढच्या पावसाळ्यात काही केलं नाही. म्हणजे, काही न करण्याचं ठरवलं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. अंडी आठ दिसली, वेगवेगळ्या पानांवर एकेक, मोहरीएवढी, गोल. अळ्या पाच झाल्या. एक मुंग्यांनी नेली. एक सकाळी होती, दुपारी नव्हती; दयाळ पक्षी गॅलरीच्या कठड्यावर बसला होता, त्याच्यावर संशय आहे. तिसरी, सोसायटीच्या माळीकामवाल्यांनी खाली जास्वंदीवर औषध मारलं त्या दिवशी काळी पडून गळली. उरलेल्या दोन हिरव्यागार झाल्या, बोटाएवढ्या, पाठीवर डोळ्यांसारखे डाग, आणि त्यांनी माझं लिंबू उघडं केलं. पानांच्या जागी नुसत्या शिरा. मग दोघींनी रेशमाचा धागा कमरेला बांधून कोष केले. एका कोषातून दोन आठवड्यांनी फुलपाखराऐवजी बारीक भोक पाडून मिलिमीटरभर लांबीच्या वीस-पंचवीस गांधिली बाहेर पडल्या. त्यांच्या आईने आत आधीच अंडी घालून ठेवलेली असतात. दुसऱ्यातून सकाळी सातच्या सुमारास एक ओलं, सुरकुतलेलं काहीतरी निघालं, काडीला लटकलं, आणि मी कामाला जायला उशीर करून बघत राहिले तोवर तास-दीड तासात त्याचे पंख ताणले जाऊन तो निळा रंग उलगडला.

आठातून एक. बाकीच्या सगळ्या नीलवंताच्याच होत्या की एखादी साध्या मॉरमॉनची, हे मी शपथेवर सांगणार नाही. लहानपणी त्या एकमेकींसारख्याच दिसतात, सगळ्याच पक्ष्याची शीट. पण हिशेब हाच. शेकरू एक-दोन पिल्लं करतं आणि ती जपतं. फुलपाखरू शंभर ठिकाणी पेरतं आणि विसरतं.

"म्हणून फुलपाखराला अभयारण्य नाही?" भाचीने विचारलं. मंचरच्या आसपास होतो आम्ही, एसटीने येताना दुसरा रस्ता धरला होता.

कायदा सांगायचा प्रयत्न केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेकरू दुसऱ्या परिशिष्टात होतं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइटीस कराराच्याही दुसऱ्या यादीत रॅटुफाच्या चारही जाती आहेत. जागतिक लाल यादीत मात्र भारतीय शेकरू 'कमी चिंतेचं', पण संख्या घटती. हे 'कमी चिंतेचं' वाचून स्वस्थ बसण्यासारखं नाही. गुजरातेत डांगच्या जंगलात पूर्वी फिकट रंगाची शेकरं होती, वेगळी उपजात म्हणून नोंदलेली. ती बहुधा आता उरलेली नाहीत. जात टिकते, फांदी गळते. आपल्याकडे फणसाडला आहेत, मेळघाटात आहेत, भीमाशंकरला आहेत, पण मधले मांडव तुटलेत, तेव्हा ही शेकरं एकमेकांना भेटायची नाहीत.

आणि फुलपाखरं? त्यांच्या बाबतीत कायदा जरा झोपेत लिहिल्यासारखा होता. पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या मांडीला मांडी लावून, क्रिमझन रोझ आणि डॅनाइड एगफ्लाय बसलेली. यातलं डॅनाइड एगफ्लाय पावसाळ्यात माळावर कुठेही दिसतं. ते अंडी घालतं घोळीवर. हो, आपण पीठ पेरून करतो त्याच घोळीच्या भाजीवर. म्हणजे कायद्याच्या नजरेने भाजी निवडताना सांभाळूनच. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टं नव्याने बांधली, सहाची चार झाली. पण यादी कितीही नीट केली तरी एक गोष्ट यादीत बसत नाही. शेकराला बंदुकीपासून आणि कुऱ्हाडीपासून वाचवता येतं, कारण बंदूक आणि कुऱ्हाड दिसते. नीलवंताला कुणी मारायला जातच नाही. सगळ्यांना तो आवडतो. मारतात ती अळी, आणि अळीवर राज्याचं बोधचिन्ह छापलेलं नसतं. कृषी सल्ल्यात 'लिंबूवर्गीय झाडांवरील पाने खाणारी अळी' असते, ती मुख्यतः नीलवंताच्याच प्रजातीतल्या लिंबू फुलपाखराची. संत्र्याची रोपवाटिका करणाऱ्याची कोवळी रोपं खरंच फस्त होतात, त्याला दोष देणार कसा? पण फवारा जाती बघून उडत नाही. आणि माझ्यासारखीला तर रोपवाटिकाही नव्हती. एक कुंडी होती.

रविवारी तक्ता पुरा केला. वर्गीकरणाचा भाग सुबक झाला, सृष्टीच्या एका रकान्यानंतर दोन रस्ते फुटलेले, भाचीने ते झाडाच्या फांद्यांसारखे काढले. संवर्धनाखाली तिने शेकरासमोर लिहिलं: सलग झाडं, देवराई, रस्त्यावरचा मांडव तोडू नये, कुत्री आवरावीत. नीलवंतासमोर बराच वेळ पेन्सिल चावली. मग लिहिलं: १. किर्मिरा, माकडलिंबू. २. ओली माती. ३. मावशीचं लिंबू.

मी म्हटलं, तिसरं खोड. नाही म्हणाली. शिवाय 'शेकरूचे' लिहिलं होतं ते मी 'शेकराचे' केलं, ते बाईंनी लाल शाईने परत 'शेकरूचे' केलंय. 'मावशीचं लिंबू' समोर प्रश्नचिन्ह आहे. दहापैकी साडेसात.

लिंबं मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून घेते आता. तिला वाटतं माझ्या कुंडीला फळ धरत नाही, म्हणून ती मला शेणखताचं प्रमाण सांगत असते.